खोटी तक्रार

धक्क्यावरून शहरात जाणाऱ्या चढावर तिच्या बॅगेचं चाक निखळलं आणि गडगडत थेट एका हातगाडीखाली गेलं. गाडीवर प्लास्टिकखाली धुतलेल्या चादरींचा ढीग, आणि ढिगामागे एक माणूस. त्याने वाकून चाक उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"घ्या. आता बॅग काय डोक्यावर नेणार?"

"तुम्ही तुमचं काम करा ना!"

एरवी ती अशी तुसडी नव्हती हो. पण पावसाची चिवट भुरभुर, पायांचे पडलेले तुकडे, आणि या महिन्यातलं हे कितवं शहर तेही आठवेना... माणसाने गोड बोलायचं तरी कुठून?

"ओझी वाहणं हेच माझं काम," तो म्हणाला. "कुठलं हॉटेल?"

तिने नाव सांगितलं. तो हसला आणि बॅग उचलून चादरींवर ठेवली. "चला. आमच्या आत्याचंच आहे."

आता तिच्या कामाचं सांगायला हवं. एक मोठी प्रवास कंपनी लहान हॉटेलांना पाहुणे पाठवायची, आणि त्याआधी हिला पाठवायची. साधी प्रवासी बनून राहायचं, गादी दाबून बघायची, कपाटं उघडून बघायची, आणि एक तरी खोटी तक्रार करायची, माणसं कशी वागतात ते कळावं म्हणून. मग गुण द्यायचे. गुण कमी पडले की पाहुणे बंद, आणि पाहुणे बंद म्हणजे अशा हॉटेलाच्या दाराला कुलूपच.

तिच्या वहिनीला या नोकरीचा कोण हेवा! फुकट फिरणं, फुकट राहणं. पण वर्षानुवर्षं प्रत्येक हसू तोलून बघायची सवय लागली की माणसाचं काय होतं, ते वहिनीला कोण सांगणार? कुणी मायेने "जेवलात का?" विचारलं तरी हिच्या डोक्यात आधी गुण पडायचे. आपल्याकडे बघून कुणी उगाचच हसेल, ही आशाच तिने सोडून दिली होती. आणि खरं सांगायचं तर तिला तेवढंच हवं होतं.

हॉटेल चिंचोळं होतं, जिना खडा. खालच्या कपाटात पाहुण्यांनी विसरलेली कितीतरी भाषांमधली पुस्तकं, त्यातली एकही भाषा आत्याबाईंना येत नव्हती. पण धूळ मात्र त्या रोज झटकायच्या.

"भाच्या!" त्यांनी काउंटरमागून हाक मारली. गल्लीत सगळे त्याला भाचाच म्हणत. "बाईंना वरची खोली दे. बघ, पोरगी किती गळून गेलीय."

संध्याकाळी तिने खाली फोन लावला. "माफ करा हं, त्रास देते... पण बेसिनचा नळ गळतोय."

फोन भाच्यानेच उचलला आणि पाना घेऊन तो वर आला. नळ कोरडा ठणठणीत. अशा वेळी काही जण वाद घालतात, काही उगाच खाटखूट करून जातात. याने स्टूल ओढलं आणि नळासमोर बसला.

"गळत नाहीये."

"मघाशी गळत होता."

"असेल. लाजरा दिसतोय. चारचौघांत गळत नसेल. बसू का जरा?"

आणि पठ्ठ्या बसला की खरंच! ती दारात उभी. हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली.

"बरंच फिरता वाटतं तुम्ही," तो नळावरची नजर न काढता म्हणाला. "मग घरी कधी असता?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "घर म्हणजे... भावाकडे माझं एक कपाट आहे," ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिलाच कसंसं झालं.

यावर तो थट्टा करील असं तिला वाटलं. त्याने केली नाही. पाना खिशात घातला आणि उठला. "उद्या तुम्हाला पलीकडचा किनारा दाखवतो. नळाचं मनावर घेऊ नका. मी गेल्यावर रडेल बिचारा."

तेव्हा मात्र ती खळखळून हसली. त्या रात्री गुण टिपायचे राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन निघाला. गल्लीतल्या पाट्या पाच लिप्यांत. न्हावी गिऱ्हाइकाशी एका भाषेत बोलायचा, बायकोशी दुसऱ्या, आणि वस्तरा बोथट निघाला की शिव्या तिसऱ्या भाषेत.

"आणि तुम्ही किती भाषांत शिव्या देता?" तिने विचारलं.

"देतो एकाच भाषेत. खातो मात्र सगळ्या भाषांत!"

बोटीत गर्दी होती. खलाशी, शाळेची पोरं, फुलांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, आणि प्रत्येकाचा गलका वेगळा. एका लाटेने बोट कलली तशी ती हेलपाटली. त्याने हात धरला नाही. नुसता तिच्या मागच्या कठड्यावर ठेवला... पडलीच तर असावा म्हणून. तिला तो हात पाठीला न लागताही कळत होता.

बाकावर जागा मिळाली. वारा गार होता, इंजिनाची घरघर एकसुरी. तिचे डोळे कधी मिटले ते तिलाच कळलं नाही. जाग आली तेव्हा डोकं त्याच्या खांद्यावर होतं, आणि समोर तोच धक्का, जिथून निघाले होते!

"अहो, आपण पलीकडे उतरलोच नाही?"

"तुम्ही झोपला होतात. बोट गेली, आली. आता परत जाईल."

"मग उठवायचं नाही का?"

"कशाला? किनारा कुठे पळून जातोय?"

कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती. ती काही बोलणार, तेवढ्यात त्याचा चेहरा उतरलेला दिसला.

"एक सांगायचंय... रागावू नका. तुम्ही आमचं हॉटेल तपासायला आलाय ना?"

"कधी कळलं?"

"नळाच्या वेळीच. कंपनी गुपचूप माणूस पाठवते, हे सगळ्या हॉटेलवाल्यांना ठाऊक असतं. नळ खरोखर गळत असला की पाहुणा आधी ओरडतो. तुम्ही आधी माफी मागितलीत."

"म्हणजे काल ते स्टुलावर बसणं... आज हे सगळं..." तिचा आवाज चिरकला. "गुणांसाठी!"

"स्टुलावर बसलो ते गुणांसाठीच," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर होता. पण तुम्ही कपाटाचं बोललात आणि... तिथे माझी गडबड झाली."

"मग आता तरी का सांगता? गप्प बसला असतात तर आत्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते."

"म्हणून तर सांगतोय. तुम्ही गुण देऊन गेला असतात, आणि उद्या मी फोन केला असता, तर तुम्हाला वाटलं असतं की आभार मानायला केलाय."

ती उठून कठड्यापाशी गेली. तपासनीस ओळखला गेला की तपासणी रद्द, आणि त्याची फिरती बंद, असा कंपनीचा नियम होता. ती आजवर एकदाही ओळखली गेली नव्हती. आताही तोंड मिटून चांगले गुण देता आले असते. मग ती पुढच्या शहरात, त्यापुढच्या शहरात... आणि याचं हसू खरं होतं की नव्हतं, हा प्रश्न जन्मभर डोक्याला.

तिने तिथेच उभं राहून साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी ओळखली गेले... नाही, त्यांची काही चूक नाही, माझीच. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मी गुण देणार नाही... हो. माहितीये मला. चालेल."

तो बाकावरून ताडकन उठला होता. "नोकरी गेली?"

"फिरती गेली. आता ऑफिसात टेबल."

"आणि आत्या?"

"तपासायला दुसरं कुणी येईल. कोण, कधी, ते मलाही सांगणार नाहीत." ती त्याच्याकडे वळली. तिने नजर हलवली नाही. "आता माझ्या हातात तुम्हाला द्यायला काही नाही. एक गुणसुद्धा नाही. आता बघा माझ्याकडे."

त्याने पाहिलं. कुणी बोट बांधायचा दोर फेकला, कुणी कुणावर ओरडलं, माणसं धक्काबुक्की करत उतरायला लागली. आणि हा वेडा तिच्याकडे बघून हसायला लागला... डोळ्यांत पाणी, तोंड पसरलेलं, लहान मुलासारखा.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "झालं, बोललो एकदाचा. आता काय ते तुम्ही ठरवा."

ती मटकन बाकावर बसली. इतक्या वर्षांचा शीण एकदम अंगात उतरला होता, आणि लपवायला आता कुणी उरलं नव्हतं.

"मी फार दमलेय रे," ती म्हणाली.

तो "रे" त्याने बरोबर टिपला. मग शेजारी येऊन बसला. "मग बस इथेच. उतरायची घाई कुणाला आहे?"

बोट पुन्हा निघाली. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. या वेळी ती जागी होती.