गजरीच्या गव्हाणीत काय होतं?

"तांबडा रंग नव्या घरांना, हिरवा उसाला आणि काळे ठिपके म्हशींना!" अनेकांतनं फर्मान सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत भूगोलाच्या बाईंनी 'माझ्या परिसराचा नकाशा' काढायला सांगितला होता. कळंब्याच्या पुढच्या त्यांच्या वसाहतीचा नकाशा म्हणजे डोक्याला ताप! गेल्या वर्षीचा ऊस यंदा प्लॉट झालेला, प्लॉटवर स्लॅब पडलेला आणि स्लॅबच्या सावलीत कुणाची तरी म्हैस ऐसपैस बसलेली.

"तेजस्वी, तुमच्या गोठ्यात दोन ठिपके देऊ न्हवं?" तिचा चुलतभाऊ विश्वजित म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली.

"एक दे," तेजस्वी म्हणाली.

तिची गजरी म्हैस परवाच मेली होती. त्याआधी चार दिवस तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. पाडव्याला शिंगं रंगवून तिला मिरवायचं ठरलेलं. घरात सगळे रडले, तेजस्वीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. रडू नाही, राग नाही, काहीच नाही. शेणाची पाटी उचलायची, ठेवायची, जेवायला हाक आली की जेवायचं. "पोरगी दगड झाली," आई म्हणाली, आणि तेजस्वीला ते खरंच वाटलं. आज सकाळी दुसऱ्या म्हशीनं, सुंद्रीनंही गव्हाणीकडे पाठ फिरवली होती. तीही गेली तर गोठा रिकामा होणार होता.

"आजारी म्हशींवर फुली मारूया की!" अनेकांतला एकदम सुचलं. तिघं दारोदार फिरले. तासाभरात नकाशावर पाच फुल्या पडल्या, आणि पाचही खालच्या गल्लीत!

"खालच्या गल्लीला भूत लागलंय!" विश्वजितनं डोळे वटारले.

"भूत गल्ली बघून येतंय व्हय रं?" अनेकांत म्हणाला. "वरच्या गल्लीची लोकं वैरण कुठनं आणत्यात?"

"त्यांची रानं हायत अजून," तेजस्वी म्हणाली. "आमची रानं प्लॉटात गेली. आम्ही सगळी सयाजीमामाकडनं वाडं आणतो."

ऊसतोड सुरू झाली, की उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, पेंड्या बांधून सयाजीमामा रस्त्याकडेला विकायचे. घरी ते यंत्रात बारीक कापायचं आणि म्हशीपुढे टाकायचं.

"कापताना मशीन खट् खट् वाजायचं," तेजस्वी सावकाश म्हणाली. "मी बाबांस्नी सांगितलेलं. बाबा म्हणालं, शेंडा निबार असंल."

दुसऱ्या कुणाची तरी हकिगत सांगावी तशी ती बोलली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अनेकांतच्या वडिलांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. तो धावत जाऊन मोडक्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन आला. सुंद्रीनं टाकलेल्या वैरणीतून त्यांनी तो फिरवला आणि बाहेर काढला तर काय, त्याला तारेचे नखाएवढे टोकदार तुकडे चिकटलेले!

"स्लॅबच्या सळ्या बांधायची तार ही!" विश्वजित ओरडला. "चला, मामाला धरूया!"

"धरलं तर न्हाय म्हणतील," तेजस्वी म्हणाली. "चार माणसांसमोर त्यांनाच पेंडी सोडू दे."

सयाजीमामांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीशेजारी होता. सात-आठ गिऱ्हाइकं मोटारसायकली लावून उभी होती. विश्वजितनं भोळा चेहरा करून लोहचुंबक पेंडीत खुपसला. टप्‌! तो आतच चिकटून बसला.

"मामा, वाड्यात करंट सोडलाय काय वो?"

"आरं खुळ्या, वाड्यात कुठला करंट!" मामांनी चुंबक उपटला, पुन्हा लावला. टप्‌! गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायला लागली. मामा इरेला पेटले. "थांबा, दावतोच!" म्हणून त्यांनी स्वतःच पेंडी सोडली. वरचा बंध पाल्याचाच होता, पण आतली एकेक मूठ तारेनं आवळलेली!

हसणं बंद पडलं.

"गाडीवर पेंडी सुटती म्हणून तुमीच बोंब मारताय न्हवं?" मामा गुरगुरले. "बांधकामावर तार पडल्याली असती. बांधली आतनं, त्यात काय बिघडलं?"

"म्हस आधी गिळती, मामा, मग निवांत चावती," तेजस्वी सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली. "तोवर तार पोटात गेल्याली असती. आमची गजरी मेली."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ते लगेच एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून 'ते वाडं म्हशीला घालू नका' म्हणून सांगू लागले.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. फुली पडलेल्या बाकीच्या म्हशींप्रमाणेच त्यांनी सुंद्रीच्या घशातून एक गुळगुळीत लोहचुंबक आत सोडला. "तार धरून ठेवंल हा. दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं," ते म्हणाले. पाडव्याच्या सकाळी सुंद्री रवंथ करताना दिसली.

त्या दुपारी दूध संस्थेच्या दारात सगळी वसाहत जमली. अध्यक्षांनी तिघांना पुढं बोलावलं. "अशी पोरं पायजेत! शाबास!" टाळ्या पडल्या. विश्वजितची छाती फुगली, अनेकांत लाजला. तेजस्वी नुसती उभी होती. टाळ्या तिला लांबून कुठून तरी ऐकू येत होत्या.

तेवढ्यात तिचे वडील, आकाराम, टोपी काढून पुढं आले.

"शाबासकी बराबर हाय," ते म्हणाले. "पर ह्या पोरीनं मला आधीच सांगितलेलं, मशीन वाजतंय म्हणून. मी कानाआड केलं. गजरीपुढं वैरण हिनं टाकली, म्हणून ही गप झालीया, मला ठावं हाय. पर गजरी माझ्यामुळं गेली, हिच्यामुळं न्हाय."

मनातला हा सल तेजस्वीनं कुणालाच सांगितला नव्हता. ती वडिलांकडे बघतच राहिली, आणि मग एवढ्या माणसांसमोर तिला मोठ्यानं रडू फुटलं. विश्वजितसुद्धा चिडवायचं विसरला. आकारामांनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "रड बाळा, रड," ते म्हणाले, आणि ते स्वतःही रडत होते.