दोघांचा एकच आकडा

कारखान्यात आगीचा भोंगा वाजला तेव्हा ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत बरीच माणसं बसली होती. कुणी मानही वर केली नाही. "रोजचंच आहे," म्हणत कारकून चहा ढवळत राहिला. उठले ते दोघंच... ती, आणि समोरच्या खुर्चीवरचा निळ्या शर्टातला. सेफ्टी मॅनेजरच्या एकाच जागेसाठी दोघं मुलाखतीला आलेले.

जिन्यात तो पुढे होता. भोंग्याने कान किटले होते, बघणारं कुणी नव्हतं, तरी हा शहाणा कठडा धरून एकेक पायरी शांतपणे उतरत होता. तिला हसू आलं. मग लक्षात आलं, आपलाही हात कठड्यावरच आहे. वळणावर त्याने एकदा मागे पाहिलं.

आवारात हिरव्या पाटीखाली दोघं उभी राहिली. आग लागली तर सगळ्यांनी जमायची ती जागा. वरच्या कूलिंग टॉवरमधून बारीक तुषार उडत होते, उन्हात चमकत तिच्या केसांवर अलगद बसत होते. तो बघत होता... आणि बघत नसल्यासारखं करत होता.

"एवढ्या मोठ्या कारखान्यात वाचलो ते आपण दोघंच," तो म्हणाला.

"मागे कुणी राहिलंय का, ते बघायचं असतं आधी."

"बघितलं ना. तुम्ही येताय की नाही, तेवढंच बघितलं."

तिने पाटीकडे नजर वळवली. पाटीवर वाचण्यासारखं फारसं नव्हतं, तरी ती वाचत राहिली.

"पगार किती सांगणार?" त्याने विचारलं.

"साठ हजार." तिचा आवाज बारीक झाला. "दादा म्हणतो, देतील ते घे, फार ताणू नकोस. आत्ताच्या ठिकाणीही मी कमीच सांगितलं होतं. तेवढ्यावरच वर्षं काढली."

"या कामाचे ऐंशी होतात. अख्खा कारखाना संध्याकाळी धड घरी पोचवायचा, तो साठात कसा पोचेल? दोघंही ऐंशीच सांगू."

"आणि मी ऐंशी म्हटल्यावर तुम्ही सत्तर म्हणालात तर?"

"नाही म्हणणार."

"कशावरून?"

तो जरा घुटमळला. "कशावरूनही नाही... सांगितलं, एवढंच."

भोंगा थांबल्यावर आधी त्याला आत बोलावलं, मग तिला. टेबलापलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. शेवटी त्यांनी पगाराचं विचारलं.

"ऐंशी हजार."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या आधीचे साठावर तयार आहेत. बघा, विचार करा."

ही नोकरी गेली तर पुन्हा तीच जुनी जागा, तोच पगार. 'साठ' अगदी ओठांवर आलं. तासाभराच्या ओळखीवर कोण भरवसा ठेवतं? पण डोळ्यांपुढे तो जिना आला. कुणी बघत नसताना कठड्यावर ठेवलेला तो हात...

"ते तसं म्हणाले नसतील," ती म्हणाली. "माझे ऐंशीच. आणि आज भोंगा वाजला तेव्हा तुमच्यासकट कुणी उठलं नाही. मी आले तर आधी ते बदलेन."

बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "खाली थांबा जरा."

तो पाटीखालीच होता.

"तुम्ही साठावर तयार झालात म्हणे," ती म्हणाली.

"असं? मला म्हणाल्या, बाहेरच्या बाई पन्नासातही येतील."

"मग?"

"म्हटलं, शक्य नाही. त्या ऐंशीच सांगतील."

"एवढी खात्री?"

"कठडा धरून उतरत होतात."

तुषार उडत राहिले. तेवढ्यात कारकुनाने खिडकीतून डोकं काढलं. "ओ ताई, वर या. ऐंशी मंजूर झालेत तुमचे."

तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, पण जरा हळू.

"मला आता दुसरं दार वाजवायला हवं," तो म्हणाला.

"तिथेही ऐंशीच सांगा." ती जिन्याशी पोचली, कठड्यावर हात ठेवून वळली. "आणि मिळाले की इथे येऊन सांगा."

"नाही मिळाले तर?"

"तरी या. वाचलेल्यांनी इथेच जमायचं असतं."