सतरा नंबरची नजर

"तुमचा डेटा बाद केलाय," तो इतक्या सहज म्हणाला की हातातली पर्स त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली मला.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत मी दुसरीला शिकवते. ऐन रविवारी दोनदा मेट्रो बदलून नोएडाला त्याच्या लॅबमध्ये गेले, तासभर हनुवटी टेकवून पडद्यावरचे फोटो पाहिले. नजर कुठे जाते ते कॅमेरा टिपत होता. आणि आता हा जयंत नावाचा गृहस्थ मला बाद करत होता.

"का?"

"भडक रंग, उजेड, हालचाल... मेंदू आधी तिकडे वळतो. त्यावरून माझा प्रोग्रॅम नजरेची जागा सांगतो. या फोटोत बाकी सोळा जणांनी लाल फुगा पाहिला. तुम्ही मात्र कोपऱ्यात. लक्ष नव्हतं ना?"

चाळीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला हा लक्ष शिकवणार.

"त्या कोपऱ्यात एक मुलगी आहे," मी म्हणाले. "ओठ दाबून बसलीय. आता रडेल. फुगा कुठे पळून जातोय?"

तो पडद्यावर वाकला. तो कोपरा मोठा करून पाहिला.

"अच्छा... म्हणजे तुम्ही शोधत होतात. हे माझ्या गणितात नाहीच यार." मग ओशाळला. "पण पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. आता गणित बदललं तर —"

"तर बदला. माझी नोंद परत घेतल्याशिवाय मला तोंड दाखवू नका."

त्याचे डोळे छान होते. त्याचाही रागच आला.

महिना गेला. रोज शाळा सुटली की माझी नजर फाटकाकडे जायची, आणि मला स्वतःचीच चीड यायची.

जानेवारीतली संध्याकाळ होती. धुक्यात हॉटेलांच्या लाल-हिरव्या पाट्या लुकलुकत होत्या, रिक्षांची झुंबड उडाली होती. मी राखाडी शाल गुंडाळून बसची वाट बघत होते. रस्त्यापलीकडून तो सरळ माझ्याकडेच आला.

"सतरा नंबर परत घेतला," तो धापा टाकत म्हणाला. "प्रबंध सहा महिने लांबला, सर भडकलेत. आणि... जुन्या गणिताप्रमाणे तुम्ही मला इथे दिसायलाच नको होतात. एवढ्या झगमगाटात तुम्ही राखाडी, एका जागी उभ्या —"

"म्हणजे मी मळकट दिसते?"

"नाही, म्हणजे... महिनाभर मी दुसरं काही शोधतच नव्हतो."

बस आली आणि गेली.

"लॅबच्या फॉर्मवर माझा फोन नंबर होता," मी शेवटी म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, तोंड दाखवू नका."

"फोनवर तोंड दिसतं का रे तुझं?"