काटा चढत गेला

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी तिला गाडीतून घरी आणत होते. काम एवढंच. दुसरा डोळा तिचा लहानपणीच गेलेला, त्यामुळे पट्टी बांधल्यावर तिला अगदी मिट्ट अंधार. मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती आणि प्रत्येक वळणाला "आता कुठे आलो गं?" विचारत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको, थंडी नको, कुठे ताटकळणं नको.

डोंगराच्या पायथ्याशी गाडीतून करपट वास यायला लागला. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून खुडबूड केली.

"ताई, अल्टरनेटर जळलाय. वायरी सोडवून टेप गुंडाळलीय, आग लागायची नाही. पण आता बॅटरी चार्ज होणार नाही. आहे त्या करंटवर जायचं."

"घरापर्यंत पोचेन?"

"पंखा, रेडिओ, काही लावू नका. बोगद्यात दिवा लावावाच लागेल, बाहेर पडलात की लगेच घालवा. आणि इंजिन बंद पडू देऊ नका. पुन्हा सुरू व्हायचं नाही."

बाबांनी जाण्यापूर्वी, हयात असताना, हौसेने स्टिअरिंगजवळ एक मीटर बसवून घेतला होता, बॅटरीत किती जोर आहे ते दाखवणारा. त्याच्या काट्यावर एक डोळा ठेवून मी घाट चढले. दुपार असूनही धुकं असं दाटलेलं, की रस्ता थोडा थोडा करूनच दिसत होता. काटा उतरत होता. हळूहळू, पण उतरत होता.

बोगद्यातले दिवे त्या दिवशी बंद होते. मी हेडलाइट लावले, आणि काटा धपकन खाली आला. उजेड पिवळा झाला, मग तांबूस. इंजिन आचके द्यायला लागलं. पाण्याचे थेंब टपावर टपटपत होते आणि माझ्या पायाखाली अॅक्सिलरेटर नुसता मऊ लागत होता.

"चल गं बाई, चल..." मी गाडीला विनवत होते.

गाडी जवळजवळ थांबली. तेवढ्यात मागचं दार उघडून लागल्याचा आवाज झाला. शेवाळलेल्या दगडासारखा ओला वास गाडीभर पसरला.

आणि काटा चढायला लागला.

"कोणाला घेतलंस गं?" आईने विचारलं.

मी आरशात पाहिलं. मागे आई एकटीच होती. तिचा एक हात शेजारच्या रिकाम्या सीटवर उताणा पडला होता आणि बोटं अर्धवट मिटली होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"कोणी नाही, आई."

"असं काय करतेस? केवढा गारठलाय बिचारा..." ती जरा थांबली, कान देऊन ऐकल्यासारखी. "विचारतोय, घर अजून किती लांब?"

"आई... बाबा आहेत का?"

"छे! त्यांना मी ओळखलं नसतं का? परका आहे कोणी तरी."

दार उघडून पळावं, असं वाटलं. पण आईला त्या काळोखात ठेवून कुठे पळणार? आणि थांबले तर इंजिन बंद पडणार. मी पाय दाबला. हेडलाइट आता पांढरेफटक पेटले होते, कधी नव्हे इतके. बोगद्याच्या बाहेर पडताच मी दिव्याचं बटण बंद केलं. दिवे बंद झाले नाहीत. काटा पार टोकाला जाऊन थरथरत होता. मागे आई कुजबुजत होती, "आलंच हं... आलंच आता."

घरासमोर दादा फाटक उघडून उभा होता. मी किल्ली फिरवली. काढूनही घेतली. किल्ली माझ्या मुठीत, आणि इंजिन चालूच.

"थांब, आधी त्याला उतरू दे," आई म्हणाली.

सीट करकरली. ओला वास माझ्या मानेजवळून पुढे गेला आणि विरला. मग इंजिन थांबलं. दिवेही विझले.

दादा फाटकापाशी दंड चोळत होता. त्याने गाडीत वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आई तर इथेच बसलीय... मग आत्ता मला घासून आत कोण गेलं?"

आईला दोघांनी धरून आत नेलं आणि रात्रभर घरातले सगळे दिवे चालू ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स घरी येऊन पट्टी सोडून गेली. आईने हळूच डोळा उघडला. मला पाहिलं, गाल कुरवाळला, "वाळलीस गं" म्हणाली. दादाला पाहून हसली, केस पिकले म्हणून त्याची चेष्टा केली. आमचा दोघांचा जीव भांड्यात पडला.

मग तिची नजर आमच्या मधून पलीकडे गेली, आतल्या खोलीच्या दाराकडे, आणि तिथून खाली, कमरेएवढ्या उंचीवर येऊन थांबली.

"अगंबाई," ती मायेने म्हणाली, "एवढासा आहेस होय रे तू? आवाजावरून मला वाटलं, चांगला म्हातारा असशील."