एक पान राखून

मुनिसाच्या पत्राला सुहरोबनं उत्तर दिलंच नव्हतं.

पत्र त्याच्या आईच्या माहेरगावाहून, नुराताहून आलं होतं, चार ओळींचं. ‘सुहरोब-आका, तुमच्या आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. जर्दाळू पिकले की माझ्या बहिणीचं, नझीराचं लग्न आहे. सुझनीचे तीन पट्टे भरून झाले, चौथा तुमच्या आईकडे होता. भरायचं काय उरलंय ते कळवा, आणि आहे तसा पाठवून द्या. – मुनिसा.’

बुखाऱ्यात पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला चार ओळींचं उत्तर लिहिणं जड जाऊ नये. पण सुहरोब रोज पत्र उघडायचा, वाचायचा, आणि पुन्हा घडी करून पुस्तकात ठेवायचा.

नुराताच्या घरांत मुलीच्या लग्नासाठी सुझनी भरतात. नवरीच्या खोलीची भिंत झाकेल एवढं मोठं ते कापड. चार पट्टे कच्च्या टाक्यानं जोडायचे, वर शाईनं फुलं आखायची, मग पट्टे सुटे करून नात्यातल्या, मैत्रीतल्या चार बायकांना द्यायचे. बाई लग्न होऊन कुठंही गेलेली असली तरी पट्टा तिच्याकडे पोचतो, आणि मुलीच्या लग्नाआधी भरून परत येतो. सुहरोबची आई शराफत मुनिसाच्या आईची शाळेतली मैत्रीण, तिचा पट्टा असाच बुखाऱ्याला आला होता.

तिच्या पेटीतून त्यानं तो काढला तेव्हा तो बघतच राहिला. लाल डाळिंबं, निळी फुलं, एकेक वळण कसं जिवंत! फक्त खालच्या कोपऱ्यातलं एक पान रिकामं होतं. नुसती शाईची रेघ.

आईचा हात थकला असेल... शेवटचं पान राहून गेलं असेल. नुराताच्या बायका काय म्हणतील? शराफतला झेपलं नाही?

ते त्याला सोसवेना. त्यानं हिरवं रेशीम आणलं, आईचे टाके उलटसुलट करून पाहिले, बोटांना टोचून घेतलं, आणि ते पान स्वतः भरलं. मग पत्राऐवजी पट्टाच काखोटीला मारून तो बसमध्ये चढला.

नुराताच्या झऱ्यावर तो जरा टेकला. पाण्यात मासे दाटीवाटीनं फिरत होते. पवित्र मासे, त्यांना कुणी हात लावत नाही. त्यानं पिशवीतल्या नानाचा तुकडा मोडून टाकला.

“बुखाऱ्याचा नान त्यांना रुचेल का, कोण जाणे.”

त्यानं वळून पाहिलं. घडा भरायला आलेली एक मुलगी, ओल्या हातांनी केसांची बट मागे सारत होती.

“बुखाऱ्याचा... कशावरून?”

“वरचा ठसा दिसतो की. आमच्याकडे असला ठसा मारत नाहीत.”

“रोझिया-आपांचं घर कुठं आहे, सांगाल?”

“सांगेन. पण जपून जा. त्या घरातले लोक बुखाऱ्यावर रागावलेत. तिथं कुणी एक आहे म्हणे – पत्राला उत्तर देत नाही.”

सुहरोबचे कान तापले. “त्याला... काही अडचण असेल.”

“हात मोडला असेल?”

“नाही... हात ठीक आहे.”

“मग अक्कल?” तिनं घडा उचलून खांद्यावर घेतला. “चला सुहरोब-आका. पत्र मीच लिहिलं होतं.”

अंगणात लोकरीचा नमदा अंथरलेला होता आणि त्यावर तीन पट्टे. त्याचा चौथा शेजारी पसरला तेव्हा बायकांच्या तोंडून एकदमच “वाः!” निघालं. जोडावर फुलं नेमकी जुळली नव्हती, शराफतच्या पट्ट्यावरची बोटभर वर बसली होती. चार हातांच्या कामात असं होतंच, पण परक्याला चूक वाटली असती. मुनिसाची आई, रोझिया, मात्र त्या जोडावरून हात फिरवून हसली. “बघा, शराफत इथंसुद्धा ताठ मानेनं बसलीय! शाळेतही अशीच बसायची.”

सुहरोबची छाती भरून आली. इतक्यात रोझियाचा हात कोपऱ्यातल्या पानावर थांबला.

“हे कुणी भरलं?”

“मी,” सुहरोब अभिमानानं म्हणाला. “आईचं राहून गेलं होतं.”

मुनिसाच्या आत्यानं त्याची पियाली उचलली आणि काठोकाठ चहा ओतून त्याच्यापुढे ठेवली. सुहरोबला कळायचं ते कळलं. पाहुण्याला अर्धीच पियाली देतात, पुन्हा पुन्हा भरायला. काठोकाठ म्हणजे – पी आणि नीघ.

“राहिलं नव्हतं, बाळा,” रोझिया हळू आवाजात म्हणाली. “राखलं होतं. सुझनीत एक पान रिकामं ठेवतात, म्हणजे घरात पुढच्या लग्नाला जागा राहते. नझीरानंतर या घरात एकटी मुनिसाच आहे. शराफतनं ती जागा तिच्यासाठी ठेवली होती.”

“आणि यानं बंद केली!” आत्या कडाडली. “आता हिला मागायला कोण येणार?”

“येणारा येईल, आत्या,” मुनिसा म्हणाली. मान ताठ होती, गाल मात्र लाल झाले होते. “पानाला विचारून येणार नाही.”

सुहरोबला वाटलं, जमीन दुभंगावी. पण त्याच क्षणी आत कुठंतरी उजळलंही. आईचं काम अपुरं नव्हतंच. अगदी पुरं होतं, आणि वर तिनं दुसऱ्याच्या मुलीसाठी जागा राखली होती.

“सुई द्या,” तो म्हणाला. “मी भरलं, मीच उसवतो.”

एवढ्या बायकांसमोर तो मांडी घालून बसला. मुनिसानं समोरून कापड ताणून धरलं. एकेक टाका तो सुईच्या टोकानं हलकेच सोडवू लागला.

“शिकलात कुठं?” तिनं कुजबुजत विचारलं.

“उलट्या बाजूनं. आईच्या टाक्यांची मागची बाजू... वाचली.”

“वाचली! बुखाऱ्यात चादरीसुद्धा वाचतात?” ती हसली. “पत्रं मात्र वाचून ठेवून देतात.”

“ते पत्र पाठ आहे मला.”

तिनं कापड आणखी ताणून धरलं. पण अर्धं पान उसवून झालं, तसं तिचं बोट अलगद उरलेल्या टाक्यांवर येऊन थांबलं.

“बस्. एवढं राहू द्या.”

“पण... पान मोकळं करायचंय ना?”

“अर्धं आहे अजून. म्हणजे उघडंच आहे.” मग आणखी हळू, “टाके वाकडे आहेत. पण आईसाठी घातलेत. ते मी उसवू देणार नाही.”

रोझियानं लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काठोकाठ भरलेली पियाली तिनं उचलली, चहा जर्दाळूच्या बुंध्याशी ओतला, आणि नवा चहा घातला – अर्धाच.

नझीराचं लग्न झालं. नवरीच्या भिंतीवर सुझनी चढली, आणि गावातल्या प्रत्येक बाईला आत्या स्वतः बोट दाखवून सांगत होती, “हा पट्टा शराफतचा!”

बसपाशी मुनिसा निरोप द्यायला आली. “माझ्या पत्राचं उत्तर राहिलंय, आका.”

“मी स्वतः आलो की!”

“तुम्ही पट्टा पोचवायला आलात. मी विचारलं होतं, काय उरलंय ते कळवा. कुठं कळवलंत?”

बस सुटली. तो काचेतून बघत राहिला... ती हात हलवत नव्हती, नुसती हसत होती.

बुखाऱ्यात परतल्यावर त्यानं पुस्तकातून तिचं पत्र काढून समोर ठेवलं आणि लिहायला बसला.

‘मुनिसा, उशीर झाला. तुम्ही विचारलंत, काय उरलंय. अर्धं पान उरलंय, आणि ते तसंच राहू द्या, पुढेही लग्नं व्हायची आहेत. द्राक्षं उतरली की माझी आत्या नान घेऊन तुमच्या आईकडे येईल. तो मोडायचा, म्हणजे होकार द्यायचा की नाही, ते तुम्ही सांगा. मोडलात, तर तुमच्या सुझनीचा चौथा पट्टा इकडे पाठवा. तो शराफतच्या घरचा मान आहे. साखळी टाका मला आता येतो. – सुहरोब.’

पुन्हा न वाचताच त्यानं पाकीट चिकटवलं, चौकातल्या निळ्या टपालपेटीशी गेला आणि आत सोडून दिलं. तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच तो तिथून हलला.