सात एकांची संख्या

छापखान्यात ती आली होती फक्त पाच मिनिटांसाठी. मुलांसाठी लिहिलेलं तिचं पहिलं गणिताचं पुस्तक. छपाईआधीच्या शेवटच्या प्रतीवर सही करायची आणि निघायचं. पण सत्तावन्नाव्या पानावर लाल शाईचं वर्तुळ होतं, आणि टेबलापलीकडे ते काढणारा मुद्रितशोधक. कानामागे पेन, बाहीवर शाईचा डाग.

वर्तुळात नेमकं तिचं आवडतं वाक्य सापडलं होतं : '११,११,१११ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कुणीच तिला निःशेष भागत नाही.'

"हे खरं आहे, बाई?"

"तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. गणित मी बघते."

"बघितलंत? कुठपर्यंत?"

"शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी... कुणाचीच डाळ शिजली नाही."

"आणि पुढे?"

पुढे तिने धीर सोडला होता. वर्गात रोज सांगायची, अर्ध्यावर सोडू नका रे — आणि स्वतः? तिचे कान गरम झाले.

"चारला पान मशीनवर चढतं," तो म्हणाला. "ओळ गाळून टाकू?"

"मुळीच नाही. चूक असली तर कळली पाहिजे." तिने खुर्ची ओढली. "वर्गमूळ एक हजार चोपन्नच्या आसपास, तिथपर्यंत बघितलं की पुरे. मोठा भाजक पलीकडे लपला असला, तरी त्याचा जोडीदार अलीकडे सापडतोच."

"जोडीदार अलीकडेच असतो म्हणता?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"भागाकार करा."

एक तिचा, एक त्याचा. एकशे एकने दहा उरले, एकशे तीनने पन्नास. रद्दी कागद भरत गेले. तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा त्याने न मागता आपली पुढे केली... बोटांना बोटं लागली, आणि एकशे एक्कावन्नचा भागाकार तिला दोनदा करावा लागला.

साडेतीन वाजले. दोनशे तेहतीसने त्याच्याकडे एकशे सदुसष्ट उरले. तिने दोनशे एकोणचाळीस, म्हणजे बावन्नावी मूळ संख्या, घेतली. शेवटच्या पायरीला दोन हजार एकशे एक्कावन्नातून तेवढेच गेले.

शून्य.

तळहाताने झाकलं असतं तर आणखी अर्धा तास इथेच, या टेबलाशी... तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"माझं चुकलं होतं."

तो हसला नाही. लाल पेन उघडून म्हणाला, "मग काय लिहू?"

"लिहा — 'सात एकांच्या या संख्येला कोण भागतं, शोधा. बावन्नाव्या मूळ संख्येपर्यंत धीर सोडू नका.'"

पान गेलं. आत मशीन धडधडू लागलं. ती पिशवी उचलून निघाली, तर तो दारापर्यंत आला.

"एकोणीस एक ओळीने मांडले, तर ती खरोखरच मूळ संख्या असते म्हणे. मला हाताने तपासायची आहे."

"वेड लागलंय का? दोघं बसलो तरी जन्म जाईल."

"म्हणूनच विचारतोय."

ती टेबलाकडे परतली. मग पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"पेन्सिलीला टोक काढा," ती म्हणाली. "दोन्ही."