मागचा उजवा पाय

खरं सांगायचं तर मेहबूबचा चेहरा अख्तरीनं नंतर पाहिला. आधी ऐकली ती त्याच्या बैलाची चाल.

सदतीस सालचा पौष, आणि कामरगावच्या पटाचा दिवस. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. नांगरून मऊ केलेल्या मैदानात दोन हलक्या छकड्या शेजारी-शेजारी सुटतात, आणि ज्याची जोडी आधी पोचेल त्याचं नाव वर्षभर गावोगावी घेतलं जातं. अशा दिवशी अख्खा गाव मैदानाकडे पळाला होता आणि अख्तरी चुलीपाशी बसून गुलगुले तळत होती. का? तर वाशीमचे पाहुणे तिला पाहायला येणार होते!

"तोंड उघडू नको," अम्मा जैतुनबीनं सकाळपासून सातव्यांदा बजावलं. "त्याईनं इचारलं तं शिवनाचं सांगजो, सैपाकाचं सांगजो. बैलाचं नाव काहाडलं तं माही कसम हाय तुले!"

बिचारी जैतुनबी! तिचं तरी काय चुकलं? पोरगी एकोणिसाची, आणि वेड कसलं, तर पटाचं. बाप चांद नालबंद, बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा, त्यामुळे दारात रोज दहा बैल. त्यांची नावं, त्यांची घराणी, कोण कुठे जिंकला, कोण कितीनं हरला, सगळं पोरीला तोंडपाठ. घरातलं काम करत नव्हती म्हणाल, तर तसंही नाही. दळण, पाणी, धाकट्यांचं न्हाणंधुणं सगळं आटपून ती बैलांच्या झुली शिवायची, बापाची हत्यारं घासायची, आणि कोळशानं दाराच्या पाठीमागे पटांचे निकाल लिहायची. फक्त एखाद्या जोडीची गोष्ट रंगात आली की तव्यावरची भाकर जळायची. आता वाशीमच्या त्या कापडवाल्यांचं घर दोन मजली, मुलगा शांत, खायला-प्यायला ददात नाही. पण त्या घरातल्या बायका उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाहीत, हे स्थळ सुचवणाऱ्या नजमुन्निसा खालानंच सांगितलं होतं. म्हणजे पट संपला. कायमचा.

अम्मा चिनी बशा मागायला दोन घरं पलीकडे नजमुन्निसा खालाकडे गेली, आणि गल्लीत आवाज आला. टप्... टप्... टप्... आणि चौथा पाय जरा घसटून.

"चाचा हायेत का?" बाहेरून कुणीतरी विचारलं. "नाल काहाडाची होती."

पटाच्या बैलांचं असंच असतं. मुरमाच्या रस्त्यानं चालत यायचं म्हणून नाल ठोकायची, आणि मऊ मातीत धावायच्या आधी ती काढायची.

"अब्बा मैदानावर हायेत," अख्तरी तरटाच्या पडद्याआडून म्हणाली. खरं तर एवढंच बोलून थांबायचं होतं. पण राहवेल ती अख्तरी कसली? "अन्... मागचा उजवा पाय पाह्यला का तुमी?"

"पडद्यातून दिसते काय तुमाले?"

"ऐकू येते."

"काय सांगता! मी तीन दिवस संगं चालून राह्यलो, मले नाही ऐकू आलं."

"तुमाले कसं येईन? तुमी गानं म्हनत चालले असान."

तो मोठ्यानं हसला. हसणं मोकळं होतं, बरं का. अख्तरीनं तरटाला बोटभर फट केली. गव्हाळ रंगाचा, पापण्यांवर रस्त्याची धूळ, आणि बैलाच्या मानेवर ठेवलेला हात असा की जणू भावाच्या खांद्यावर ठेवलाय. आणि बैल... या अल्ला! कपाळावरचा तो पांढरा ठिपका!

"हरन्या!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. "मानोऱ्याकडचा हरन्या! मागच्या साली पोहऱ्याच्या पटात लालसिंग नाईकाच्या जोडीसमोर एका हाताच्या फरकानं हारला तो! त्याच्या आधी तीन पट जितला. तुमी मेहबूब!"

"मले माहीत नव्हतं मी एवढा मशहूर हावो."

"बैल मशहूर हाय," ती म्हणाली. "तुमी नाही."

मेहबूबनं मान डोलावली, पण डोळे मात्र फटीवर खिळले. मग हसू हळूहळू मावळलं. "आज पुन्हा लालसिंगाच्याच जोडीसंगं हाय. चाचाले कोन बलावून आनन आता? वेळ झाली..."

अख्तरीनं गुलगुल्यांकडे पाहिलं. गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. पाहुण्यांची दमणी, ती छपराची बैलगाडी, कोणत्याही क्षणी येणार. अम्माची कसम. आणि तो चौथा पाय.

"बैल पाडा," ती म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचली. "पकड आनलीच मी."

मेहबूबनं दोर टाकून हरण्याला अलगद आडवा केला, चारी पाय बांधले, आणि मानेपाशी बसून त्याच्या कानात काहीबाही पुटपुटत राहिला. अख्तरीनं मागचा उजवा खूर मांडीवर घेतला. नालेची पत्री सैल केली, खिळे उपसले... एक, दोन... तिसरा हट्टाला पेटला. तोच तो. तिरपा गेलेला, अगदी खुरातल्या जिवंत मांसाला टेकलेला.

"अजून दोन कोस चालला असता तं आत शिरला असता," ती हळूच म्हणाली. "कोनी मारली हे नाल?"

तिनं वर पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

"कारंज्याच्या बाजारात," तो म्हणाला, "आठ रोज झाले. तुमच्या... अब्बाईनं."

अख्तरीनं खिळा मुठीत दाबला. अब्बाचे डोळे दसऱ्यापासून धूसर झाले होते. सुईत दोरा ओवायला तेच तिला हाक मारायचे. तिनं ते आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं, अगदी अम्मालाही नाही. कामरगावचा चांद नालबंद, पंचक्रोशीत ज्याच्या हाताची कसम खातात, त्याचा खिळा तिरपा? लोक काय म्हणतील!

एवढ्यात गल्लीत घुंगरं वाजली. दमणी! आणि दमणीसोबत अब्बा, पाहुण्यांना वाटेतून घेऊन येणारे. मागून अम्मा, छातीशी चिनी बशा धरून.

मुलाची आई खाली उतरली आणि जागच्या जागी थिजली. होणारी सून धुळीत बसलेली, मांडीवर बैलाचा खूर, समोर परका पुरुष!

"तौबा! पोरगी पाह्याले आनलं तुमी आमाले का नालबंद?"

"अख्तरी! ऊठ! घरात जा!" अम्मा किंचाळली.

उठता आलं असतं. हात धुऊन, ओढणी सावरून आत पळता आलं असतं. पण एकदा बैल पाडला की काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही, हे नालबंदाच्या घरात चालायच्या आधी शिकवतात. आणि तीन पाय अजून बाकी होते.

"बसा खाला," ती पाहुणीला म्हणाली. तिनं दुसरा खूर मांडीवर ओढला. "तीन पाय राह्यले. आलीच मी."

पाहुणी बसली नाही. आल्या पावली दमणी वळली. अम्मानं कपाळाला हात लावला आणि एक बशी तिथंच फुटली.

शेवटची पत्री निघाली, मेहबूबनं दोर सोडला, हरण्या उठला आणि अंग झटकून चार पावलं चालला. टप्, टप्, टप्, टप्. अख्तरीचे डोळे भरून आले.

"काय झालं होतं त्याले?" अब्बानं विचारलं.

अख्तरीनं बाजूला ठेवलेला तो खिळा मुठीत लपवला. पण तिच्याआधी मेहबूब बोलला.

"खडा रुतला होता चाचा. मुरमाचा. माही चूक, मी पाह्यलंच नाही."

हे ऐकलं आणि अख्तरीचं काळीज त्याच घडीला त्याचं झालं. बैलासाठी आलेला माणूस, शर्यत हातची जाता-जाता वाचलेली, आणि तरी तिच्या बापाची चूक आपल्या अंगावर ओढून घेतो... असा माणूस कुठे मिळतो हो?

अब्बा मात्र पोरीकडे पाहत होते. त्यांनी तिची मूठ उघडली आणि खिळा बोटांनी चाचपला. चाचपायलाच लागला.

"माहा खिळा मी वळखत नाही काय?" ते म्हणाले. "बेटा, तू चांगला मानूस हायेस, पन खोटं तुले जमत नाही. डोये गेले माहे. अन् हे येडी लपवून राह्यली." मग त्यांनी कमरेची पकड काढून तिच्या हातात दिली. "आजपासून बारीक काम अख्तरी करन. ज्याले चालन त्यानं बैल आनावा, नसन चालत त्यानं कारंज्याले जावं. आता जा, खालाच्या धाब्यावर चढ. पट सुटते."

"अन् स्थळ? तिचं लगीन?" अम्मा रडत होती.

"तुही चाल वर," अब्बा म्हणाले. "तिथं रड."

खालाच्या घराच्या धाब्यावरून, त्या सपाट मातीच्या छपरावरून, सगळं मैदान दिसायचं. झेंडी पडली. लालसिंगाची जोडी आधी सुटली, बाणासारखी! निम्म्या मैदानापर्यंत पुढेच. मग हरण्यानं मान खाली घातली, त्याच्या जोडीचा, मैदानातच बांधून ठेवलेला पाखऱ्या त्याला भिडला, आणि मागच्या उजव्या पायानं अशी माती उडवली, अशी माती उडवली... अख्तरीचा आवाजच फुटेना. तिच्या शेजारी मात्र कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "हान रे! हान! पाय नको थांबवू माह्या राज्या!" तिनं वळून पाहिलं. अम्मा! ओढणी खांद्यावर, मुठी आवळलेल्या. हरण्या दोन हातांनी जिंकला आणि जैतुनबीनं नजमुन्निसा खालाला मिठी मारून गरगर फिरवलं.

थोड्या वेळानं मेहबूब धाब्याखाली येऊन उभा राहिला. गुलालानं माखलेला, धापा टाकत. मागं अब्बा, मिशीतल्या मिशीत हसत.

"चाचाले इचारलं मी," तो वर पाहून म्हणाला. "ते म्हनते, पोरीले इचार. माही शेती थोडी हाय. घर एक मजल्याचं हाय. पन आमच्या घरच्या बायका पटाले संगं येते... अन्... माह्या बैलाच्या पायाले तुमच्याबिगर कोनाचा हात लागू नये, असं वाटते मले. माह्या हातालेही."

अख्तरीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "हे काय, भर गल्लीत..."

"तुमीच म्हनलं ना, मी मशहूर नाही. आता होतो."

ती ओठ चावून हसली, काही बोलायला गेली, अडखळली, पुन्हा हसली. खाली माणसं जमायला लागली. मेहबूब वाट पाहत उभा.

"अवो हो म्हन ना लवकर!" मैदानावरची नजर न काढता अम्मा ओरडली. "गोऱ्ह्यांची जोडी सुटून राह्यली!"